ड्रायसूट शिकताय? शिसं वाढवण्याआधी या चुका टाळा

तारकर्लीला 3 मिलिमीटर जाडीच्या रबरी वेटसूटमध्ये डायव्हिंग शिकलेली आपली मंडळी नोकरीसाठी इंग्लंडात येतात, पहिल्यांदा ड्रायसूट (आत पाणी न येऊ देणारा, हवा भरायचा पोशाख) चढवतात आणि बुचासारखी तरंगत राहतात. मग ठरलेला इलाज: "अजून दोन किलो दे रे!" बहुतेक वेळा शिसं, म्हणजे बुडायला अंगावर बांधायचं वजन, कमी नसतंच. सूटमध्ये हवा अडकलेली असते, छातीत श्वास कोंडलेला असतो आणि खाली फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) चालूच असतात. गळ्यापर्यंत पाण्यात उकिडवे बसा, दंडावरचा, हवा बाहेर सोडायचा डंप व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, डावं कोपर वर करा. हवा फुसफुसत जाऊ द्या. मग पाय स्थिर ठेवून सावकाश श्वास सोडा. तरीही बुडत नसाल तर शिशाचं बोलू.

जादा शिसं खरा इंगा खाली दाखवतं. लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची जुनी, पाण्याने भरलेली खाण आहे. तिथे वीसेक मीटरवर स्टेनगार्थ ही टगबोट मुद्दाम बुडवून ठेवलीय. माझ्याबरोबरच्या एका पोराने चार किलो जादा घेतले होते. ते पेलायला सूटमध्ये चार लिटर जादा हवा. बोटीत डोकावायला तो डोकं खाली करून वाकला आणि ती हवा धावली पायांत. बूट फुगले, एक फिन निसटली, स्वारी पाय वर करून निघाली. व्हॉल्व्ह दंडावर, हवा पायांत. दाबून उपयोग काय? त्यात वर जाल तशी हवा फुगते, 10 मीटरवरची पृष्ठभागावर दुप्पट होते. मी माझी हवा सोडत त्याला धरलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, तेव्हा कोलांटी खाऊन सरळ झाला. काठावर पहिला प्रश्न: "दादा, घोट्याला लावायची वजनं कुठे मिळतात?" म्हटलं, आधी ते चार किलो काढ.

वजन भरल्या सिलिंडरवर ठरवू नका. 12 लिटरचा सिलिंडर 232 वरून 50 बारवर (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आला की अडीचेक किलोने हलका होतो. मी डाइव्हच्या शेवटी, 50 बारवर, 3 मीटरला सूट जवळपास रिकामा करून स्थिर राहता येतं का ते बघतो. थंडीने कुडकुडत चहाकडे पळणाऱ्यांना एवढाही धीर नसतो.

सूटमध्ये हवा पाण्याच्या दाबाने सूट आवळून चिमटे बसणार नाहीत इतपतच, बाकीचं तरंगणं बीसीडीवर, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटवर सांभाळा. काही प्रशिक्षक सगळं सूटवरच सांभाळायला शिकवतात, मला ते पटत नाही.

वर येताना व्हॉल्व्ह उघडाच ठेवा.

ड्रायसूटच्या आत घालायचा उबदार अंडरसूट बदलला की वजन पुन्हा तपासा. खाणीतल्या गोड्या पाण्यातून समुद्रात गेलात तर साधारण अडीच-तीन किलो जास्त लागतात. तिथे मात्र बिनधास्त वाढवा.