लिनक्सवर मदरबोर्डचे सेन्सर कसे सुरू करावेत

डेबियन किंवा उबुंटूवर 'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज बसवावे आणि 'सेन्सर्स' ही आज्ञा द्यावी. (इथल्या आज्ञा नागरीत लिहिल्या असल्या तरी टर्मिनलवर त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांतच टंकायच्या आहेत.) इंटेल प्रोसेसरसाठीचा 'कोअरटेम्प' आणि एएमडीसाठीचा 'के१०टेम्प' हे ड्रायव्हर बहुधा आपोआप लोड झालेले असतात, त्यामुळे प्रोसेसरचे तापमान लगेच दिसते. साटा डिस्कचे तापमान हवे असल्यास 'ड्राइव्हटेम्प' हे मॉड्यूल (गरजेनुसार लोड करता येणारा ड्रायव्हर) लोड करावे. ते २०२० साली आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे. ज्यांना एवढेच हवे होते त्यांनी इथेच थांबावे.

पंख्यांचा वेग आणि व्होल्टेज हवे असतील, तर सेन्सर चिप शोधणारी 'सुडो सेन्सर्स-डिटेक्ट' ही आज्ञा चालवावी. या टप्प्यावर 'प्रत्येक प्रश्नाला येस म्हणा' असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. प्रत्येक प्रश्नासोबत सुचवलेले उत्तर मोठ्या अक्षरांत दिलेले असते. नुसते एंटर दाबून तेच स्वीकारावे. ही काळजी अनाठायी नाही, कारण काही जुन्या आयबीएम थिंकपॅडांवर एसएमबसवरच्या (मदरबोर्डवरच्या चिप जोडणाऱ्या वाहिनीवरच्या) अशाच चाचपणीमुळे ईईप्रॉममधली, म्हणजे वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीतली, माहिती बिघडली होती. शेवटी सापडलेली मॉड्यूल कायमची नोंदवायची का, असे विचारले जाते. तिथे तूर्त नकार द्यावा.

आता खरा अवघड टप्पा, ज्याने मला सर्वांत जास्त दमवले. पंखे आणि व्होल्टेज मोजण्याचे काम मदरबोर्डवरची सुपर आय-ओ चिप करते. ती बहुतेक वेळा नुवोटॉनची असते, जिच्यासाठी 'एनसीटी६७७५' हा ड्रायव्हर आहे, किंवा आयटीईची, जिच्यासाठी 'आयटी८७' आहे. चिप ओळखली जाते, पण 'मॉडप्रोब' या आज्ञेने ड्रायव्हर लोड केल्यावर उपकरण सापडत नाही किंवा ते व्यस्त आहे, अशा अर्थाची त्रुटी येते. या त्रुटीवरून काहीच निष्कर्ष काढू नये. 'डीमेस्ग' (डी-एम-ई-एस-जी) या आज्ञेने कर्नलची नोंद वाचावी. तिथे ०एक्स२९०च्या आसपासचा पत्ता देऊन तो एसीपीआयच्या (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातल्या दुव्याच्या) क्षेत्राशी भिडतो, असा इशारा असेल, तर अडचण ड्रायव्हरची नसून मालकीची आहे: तो पत्ता फर्मवेअरने राखलेला असल्याने कर्नल ड्रायव्हरला अडवतो.

ही चिप एका वेळी एकच रजिस्टर (आकडा ठेवण्याची जागा) दाखवते: आधी बँक, म्हणजे रजिस्टरांचा गट, निवडायची, मग एका पोर्टवर रजिस्टरचा क्रमांक लिहायचा आणि शेजारच्या पोर्टवरून त्याचे मूल्य वाचायचे. मदरबोर्डचे फर्मवेअरही एसीपीआयमार्फत हीच पोर्ट वापरत असेल आणि त्याने नेमकी या पायऱ्यांच्या मध्येच बँक बदलली, तर ड्रायव्हर भलत्याच रजिस्टरचे मूल्य वाचतो. वाचण्याऐवजी लिहिणे चालू असेल, तर पंख्याच्या वेगासाठीचे मूल्य भलतीकडेच जाऊन पडू शकते.

म्हणूनच 'एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स' हा बूट पॅरामीटर पहिला उपाय म्हणून सांगणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. तो अशा संघर्षांची कर्नलची तपासणी एका चिपपुरती नव्हे, तर संपूर्ण यंत्रासाठी सैल करतो. योग्य क्रम असा: प्रथम कर्नल अद्ययावत करावा, कारण नव्या कर्नलमधला 'एनसीटी६७७५' आसुसच्या अनेक बोर्डांवर डब्ल्यूएमआय या फर्मवेअरनेच दिलेल्या मार्गाने वाचन करतो आणि संघर्ष मुळातच टळतो, आसुसच्या जुन्या बोर्डांसाठी 'आसुस_एटीके०११०' हा वेगळा ड्रायव्हर आहे. चिप आयटीईची असेल, तर 'आयटी८७' लोड करताना 'इग्नोअर_रिसोर्स_कॉन्फ्लिक्ट=१' द्यावे, म्हणजे सवलत त्या एका ड्रायव्हरपुरतीच राहते. जोखीम त्यातही आहे. यंत्र अचानक रीबूट होऊ शकते, असे कर्नलच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिले आहे. 'लॅक्स' हा शेवटचा मार्ग, आणि तोही घरच्या प्रयोगाच्या यंत्रावर. ज्या सर्व्हरवर इतरांचे काम अवलंबून आहे, तिथे पंख्याचा आकडा न दिसलेला परवडतो.

ड्रायव्हर हाताने लोड करून यंत्र काही दिवस नीट चालले, की मगच मॉड्यूलचे नाव 'ईटीसी'तल्या 'मॉड्यूल्स-लोड.डी' या फोल्डरमध्ये नोंदवावे.

आकडे दिसू लागले म्हणजे ते खरेच असतात असे नाही. ज्या पिनला काहीच जोडलेले नाही, तिचेही तापमान दाखवले जाते. उणे अंश किंवा कायम १२७ अंश दिसले, तर घाबरून प्रोसेसरची पेस्ट बदलायला जाऊ नये. तसेच चिपला मोजक्याच व्होल्टपर्यंत मोजता येते, म्हणून १२ व्होल्टची लाइन बोर्डावरच्या रोधकांनी विभागून चिपला दिलेली असते. ते प्रमाण बोर्डागणिक वेगळे असते आणि ड्रायव्हरला ते ठाऊक नसते. बायोसमधल्या हार्डवेअर मॉनिटरच्या पानावरचे आकडे टिपून घ्यावेत, त्यांच्याशी ताडून पाहावे आणि 'ईटीसी'तल्या 'सेन्सर्स.डी' फोल्डरमध्ये आपल्या बोर्डाची फाइल करावी: 'लेबल'ने नाव, 'कम्प्यूट'ने गुणक, 'इग्नोअर'ने निरुपयोगी नोंदी. फाइलमध्ये चिपचे नाव लिहावे. 'एचडब्ल्यूमॉन२' यासारख्या क्रमांकावर विसंबणाऱ्या स्क्रिप्ट लिहू नयेत, कारण हे क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतात.

या नोंदी 'सेन्सर्स' पुन्हा चालवताच लागू होतात. 'सेट'ने मर्यादा लिहिल्या असतील तरच रूट म्हणून 'सेन्सर्स -एस' ही आज्ञा द्यावी लागते.