कॅमेऱ्याच्या काउंटरवर काम करायचं ठरवताय?

"कुठला कॅमेरा चांगला?" हा प्रश्न काउंटरवर दिवसभर ऐकू येतो, आणि नवीन माणूस लगेच त्याचं उत्तर देत सुटतो. स्वतःला आवडतो तो कॅमेरा, स्वतःला हवी असलेली लेन्स. मी कॅमेऱ्याच्या दुकानात बरीच वर्षं काढली आहेत, आता नव्यांना तयार करायचं कामही करते. म्हणून या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना आधी एवढंच सांगते: फोटोग्राफीची आवड इथे लागतेच. समोरच्याच्या डोळ्यांना काय दिसतंय आणि त्यातलं कॅमेऱ्यात काय येत नाहीये, हे चटकन कळावं म्हणून ती लागते. जो स्वतः फोटो काढत नाही, त्याला हे ओळखता येत नाही, मग त्याला सगळे कॅटलॉग पाठ असोत.

त्यामुळे मी उलट विचारते, "मनासारखा न आलेला एखादा फोटो आहे का? दाखवा ना." या एका विनंतीने अर्धं काम होतं. एक गृहस्थ मुलीच्या नाचाचे फोटो घेऊन आले होते. मागचा पडदा स्वच्छ, मुलगी मात्र पुसट. "जास्त मेगापिक्सेलचा दाखवा," म्हणाले, म्हणजे फोटोत जास्त ठिपके टिपणारा. त्यांचाच कॅमेरा मागून घेतला आणि फोटोची माहिती उघडली: शटर स्पीड १/१५, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग उजेड आत येत राहिला आणि तेवढ्यात मुलगी हलली; अ‍ॅपर्चर एफ/५.६. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स पूर्ण झूम केली की एफ/५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. मी ५० मिमी एफ/१.८ लावून दिली. ही लेन्स एफ/५.६ च्या जवळपास दहापट उजेड आत घेते, म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) न वाढवता शटर स्पीड १/१५ वरून १/१२५ पर्यंत नेता येतो. मग मी दुकानात इकडून तिकडे भरभर चालले आणि त्यांना माझेच फोटो काढायला लावले. स्क्रीनवर मोठं करून बघितल्यावर त्यांना मेगापिक्सेलची आठवणही राहिली नाही. फोकस डोळ्यांवर ठेवा, इतकं अ‍ॅपर्चर उघडलं की मागचंपुढचं लगेच धूसर होतं, एवढं सांगून फक्त लेन्स दिली. कॅमेरा होता तोच उत्तम होता.

मेगापिक्सेलचा विषय निघाला की एक आकडा जवळ ठेवा. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, प्रिंट काढायची तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे साधारण ८७ लाख पिक्सेल (८.७ मेगापिक्सेल) पुरतात. सध्याचे बदलत्या लेन्सचे बहुतेक कॅमेरे याच्या कितीतरी पुढे आहेत. हे शांतपणे समजावलं की ग्राहक स्वतःहून लेन्सकडे, उजेडाकडे वळतो.

मालाची माहिती कशी शिकायची, हे मला फार जण विचारतात. माझं उत्तर: माउंटपासून, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते त्या कड्यापासून, सुरुवात करा. लेन्स कुठल्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) बसते, बसली तरी चालते का आणि का, हे कळलं की निम्मं दुकान कळलं. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, त्यात लेन्सची बैठक आणि फिल्म किंवा सेन्सर (डिजिटल कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) यांच्यात ४६.५ मिमी अंतर. कॅननने १९८७ मध्ये जुना एफडी माउंट सोडून ईएफ आणला, तिथे ४४ मिमी. लेन्सला तिचं ठरलेलं अंतर मिळावं लागतं आणि कॅननचं अंतर कमी आहे, म्हणून निकॉन एफची लेन्स उरलेल्या जागेत पातळ अडॅप्टर (जोडणारं कडं) लावून कॅनन ईएफच्या बॉडीवर बसते आणि दूरचा फोकसही मिळतो. उलट करायला गेलात तर अडॅप्टरमध्ये काच घातल्याशिवाय दूरचा फोकस मिळत नाही. मिररलेस कॅमेऱ्यांत लेन्स आणि सेन्सर यांच्यामधला आरसाच गेला, त्यामुळे हे अंतर एकदम कमी झालं: सोनी ई १८ मिमी, कॅनन आरएफ २० मिमी, निकॉन झेड १६ मिमी. आजोबांच्या कपाटातली लेन्स नव्या बॉडीवर लागते ती या मोकळ्या जागेमुळे. ही लेन्स हातात धरून आलेल्या मुलाला हे समजावून सांगताना मला आजही तितकाच आनंद होतो.

पण "बसते" म्हणजे "चालते" असं समजू नका. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत ती नाही. लेन्स बसेल, फोटो निघेल, ऑटोफोकस मात्र होणार नाही. बिल करण्याआधी बॉडीचं मॉडेल विचारायची सवय यासाठी लावून घ्या. मेमरी कार्डाचंही तसंच. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुतेक वेळा वाचण्याचा असतो. व्हिडिओ काढणाऱ्याला लिहिण्याचा वेग लागतो. कार्डावरचं व्ही३० हे चिन्ह म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, व्ही६० आणि व्ही९० म्हणजे त्या त्या आकड्याइतके. ग्राहकाचा कॅमेरा किती वेगाने फाइल लिहितो ते बघून कार्ड द्यायचं.

"कॅमेरा बिघडला" म्हणून येणारे बरेच कॅमेरे बिघडलेले नसतात. लेन्सवरचं बटण एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर, सरकलेलं असतं, नाहीतर कार्डाची कुलपाची पट्टी खाली गेलेली असते. सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार डायॉप्टरचा, म्हणजे व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आपल्या नजरेला जुळवण्याच्या सोयीचा. "व्ह्यूफाइंडरमधून सगळं धूसर दिसतंय, लेन्स गेली," असं सांगत माणूस येतो. अशा वेळी मी म्हणते, समोरचं दृश्य सोडा, आतले आकडे वाचा. शटर स्पीडचे आकडेही धूसर दिसत असतील तर लेन्सचा काही संबंध नाही. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक लहानशी चकती असते, ती बॅगेत घासून फिरते. आकडे धारदार दिसेपर्यंत फिरवली की झालं. हे करताना चारचौघांत माणसाला ओशाळं वाटणार नाही याची काळजी घ्या. "ही चकती फिरतेच" असं म्हणून कॅमेरा त्याच्याच हातात द्या आणि त्यालाच फिरवू द्या.

सेकंडहँडचं काउंटर मिळालं तर सोडू नका. डोळे तयार होतात ते तिथेच. लेन्स आली की दोन्ही झाकणं काढायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड तिरपा टाकायचा. धुळीचे चार कण दिसले तरी फोटोत फरक पडत नाही. कडेपासून आत पसरलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. तिला फार दिवस झाले असतील तर साफ करूनही कोटिंगवर डाग राहतात. अशी लेन्स आम्ही चांगल्या मालापासून वेगळी ठेवतो. बुरशीचं कारण दमटपणा, म्हणून ग्राहकाला लेन्स चामड्याच्या बंद केसमध्ये महिनोन् महिने ठेवू नका असं जरूर सांगा. ४० ते ५० टक्के आर्द्रता राहील अशी पेटी उत्तम, ती नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी आहे का, बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरी भुकटी आहे का, हेही बघायचं. जुना फिल्म कॅमेरा असेल तर मागचं दार उघडून कडेच्या खाचेतल्या स्पंजवर बोटाचं टोक टेकवा. काळं चिकट बोटाला लागलं तर उजेड अडवणारा तो स्पंज विरघळलाय. कॅमेरा चालू असला तरी फिल्मवर उजेडाचे पट्टे येऊ शकतात, आणि हे दुरुस्त करता येतं. दोन्ही गोष्टी ग्राहकाला सांगा.

धंदा टिकणार का, अशी शंका घरचे काढतील. उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. कॅमेरा बनवणाऱ्या जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२० साली ते ९० लाखांच्याही आत आले. खिशातला छोटा कॅमेरा फोनने खाल्ला. उरलेला ग्राहक फोनवर भागत नाही म्हणून आलेला असतो: पक्ष्यांचे फोटो काढणारा, लग्नाची कामं घेणारा, व्हिडिओ बनवणारा, किंवा फिल्मचा रोल भरायला शिकू पाहणारा विशीतला मुलगा. दुकानं कमी झाली आहेत हे खरं, पण ज्या दुकानात माणूस समजावून सांगतो तिथे हा ग्राहक मुद्दाम वाट वाकडी करून येतो. मला तरी असंच दिसलंय.

विक्रीचं टार्गेट असतंच. बॉडीवर मार्जिन फार थोडं, दुकान चालतं ते बॅटरी, बॅग, फिल्टर, ट्रायपॉड अशा मालावर. म्हणून तुम्हाला "आणखी काहीतरी लावा" असं सांगितलं जाईल. जे लागतं ते लावा. दिवसभर शूट करणाऱ्याला दुसरी बॅटरी खरंच लागते. ५८ मिमीच्या लेन्सला ६७ मिमीचा फिल्टर बसत नाही, आकार लेन्सवर व्यासाच्या चिन्हापुढे छापलेला असतो, तो वाचून द्या. याशिवाय दिवसभर उभं राहणं, सिरियल नंबर ताडून स्टॉक मोजणं, डेमो पीस पुसणं हेही आलंच. बूट चांगले घ्या.

मुलींना एक वेगळं सांगते. "जरा माहितगार कोणी आहे का?" असं तुमच्याकडे बघूनच विचारणारे भेटतील. मी वाद घालत नाही. त्यांच्या कॅमेऱ्याचं मॉडेल बघते आणि त्यावर नेमका एक प्रश्न विचारते. पुढचं बोलणं आपोआप माझ्याशीच होतं. वरिष्ठाने मध्ये पडून ग्राहक काढून घेऊ नये, हे मात्र दुकानात आधीच ठरवून घ्या.

आता स्वतःच्या फोटोग्राफीचं. सुट्टीच्या दिवशी दुकानात गर्दी आणि संध्याकाळच्या सोनेरी उजेडात तुम्ही काउंटरवर, ही या नोकरीची खरी किंमत आहे. मी सकाळ राखून ठेवली आहे. दुकान उघडण्याआधीचा तास-दीड तास, एक बॉडी आणि एक ३५ मिमी लेन्स. तोच रस्ता, तीच माणसं, पावसाळ्यातला सपाट उजेड आणि हिवाळ्यातला तिरपा. दुसरी लेन्स नसल्यामुळे पाय हलतात. दिवसभर नव्या मालात हात असल्यावर आणि कर्मचाऱ्यांना सवलत मिळत असल्यावर पगार लेन्समध्ये जायला वेळ लागत नाही. माझा नियम असा: जी लेन्स घ्यावीशी वाटते तिच्याशिवाय माझा कोणता फोटो अडला, तो दाखवता आला पाहिजे. अडलेला फोटो नसेल तर ती डेमोवर हाताळून तिथेच ठेवायची. ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरने आपलं बहुतेक काम लायका कॅमेरा आणि ५० मिमी लेन्सवर केलं, हे मला सवलतीच्या यादीसमोर उभं असताना नेहमी आठवतं.

आणि प्रिंट काढा. माझ्या काउंटरखाली एका पाकिटात माझ्याच फोटोंच्या प्रिंट असतात: एकच चेहरा एफ/१.८ आणि एफ/८ ला, एकच धबधबा १/१००० आणि अर्ध्या सेकंदाला. ग्राहकाला शब्दांत सांगून जे पोचत नाही ते या जोड्या बघून पोचतं. शिवाय आपला फोटो अनोळखी माणूस हातात धरून किती वेळ बघतो, यावरून तो कसा जमलाय ते कळतं.

पुढच्या वाटा बऱ्याच आहेत. कंपन्यांना प्रशिक्षक लागतात, भाड्याने साहित्य देणारे लागतात, दुरुस्ती शिकलेला माणूस तर सगळ्यांनाच हवा असतो. काही जण काउंटरवरच्या ओळखीतून लग्नाची किंवा उत्पादनांच्या फोटोंची कामं घ्यायला लागतात. तसं करायचं असेल तर दुकानाला आधी सांगा, दुकानाचे ग्राहक फोडल्याचा संशय एकदा आला की नोकरी टिकत नाही. मला स्वतःला सेकंडहँडच्या काउंटरची जोखीम आणि नव्यांना शिकवण्याचं काम, दोन्ही आवडतं, म्हणून मी इथेच आहे. या पावसाळ्यानंतर लेन्स उघडून साफ करायचं रीतसर शिकणार आहे.