पडवीतली काळी सायकल: काय बदलायचं, काय नाही

चवथीआधी घर झाडायला काढलं की पडवीच्या कोपऱ्यातून, गोणपाटाखालून, एखादी काळी लोखंडी सायकल निघतेच. आमच्याकडे निघाली ती आजोबांची. चोवीस इंची फ्रेम, दांडीचे ब्रेक आणि मागे पोदेराची पावांची टोपली सहज मावेल एवढा कॅरियर. भंगारवाला दारात उभा होता, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. पुढचे सहा महिने चुका करत करत ती सायकल रस्त्यावर आणली. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने सांगतो.

आधी मोजा, मग खिशात हात घाला

या सायकलीचा एक भाग बदलायला जावं तर तो शेजारच्या तिघांना घेऊन जातो. हँडल बदललं की ब्रेक गेले, कारण ब्रेकच्या मुठी आणि दांड्या हँडलवरच बसवलेल्या असतात. केबलचे ब्रेक घ्यायचे म्हटलं तर रिम जाते. दांडीब्रेकची रबरं रिमला आतून, तारांच्या बाजूने वर दाबतात, तर केबलच्या ब्रेकचे दोन हात, म्हणजे कॅलिपर, दोन्ही बगलांवर दाबतात. आपल्या रिमच्या बगला गोल असतात, तिथे कॅलिपरच्या रबराला धरायला सपाट जागाच नाही. रिम गेली की टायर गेला, आणि नव्या हबमुळे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यामुळे, कधीकधी मागच्या चिमट्यातलं, म्हणजे चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं, अंतरही जुळेनासं होतं.

म्हणून एक वही घ्या, मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि एवढं लिहून काढा.

टायरच्या बगलेवर २८ बाय १½ असं मोठं आणि ४०-६३५ असं बारीक छापलेलं असतं. कामाचा आकडा बारीकच. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. नव्या शहरी सायकलींना ७००-सी चाक येतं, त्याचा हाच आकडा ६२२. गंमत म्हणजे ७००-सीच्या काही टायरवरही २८ लिहिलेलं असतं! तेरा मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, पण टायर चढवताना बोटांना कळतो.

मग चाकाच्या तारा मोजा. आपल्याकडच्या जुन्या सायकलींना इंग्लिश पद्धतीप्रमाणे पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. मागच्या चिमट्याच्या आतल्या दोन बाजूंमधलं अंतर मोजा, ते साधारण ११० मिलिमीटर भरतं. सीटचा पाइप बाहेर काढून त्याचा व्यास लिहा, आणि चेनची रुंदी पाहा. या सायकलींची चेन अर्धा बाय एक-अष्टमांश इंचाची असते. गिअरच्या सायकलीची अरुंद चेन या जाड दात्यांवर बसत नाही.

तारांची मोजणी मी केली नव्हती. तीन गिअरचा हब मागवला आणि तो हातात आला ३६ भोकांचा. रिम ४० ची. तो हब वर्षभर कपाटात पडून होता.

ब्रेक: इथे काटकसर नको

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल्या क्रोमच्या रिमवर रबर नुसतं सरकत राहतं. जूनच्या पहिल्या पावसात मी पणजीतल्या आल्तिनोच्या टेकडीवरून उतरत होतो. मूठ हँडलला टेकली तरी सायकल थांबायचं नाव घेईना. शेवटी चपला रस्त्याला घासत, एका घराच्या चिऱ्याच्या गडग्याला टेकून थांबलो. त्या दिवसापासून माझ्यापुरता नियम असा: सायकल सपाटीवर, गावातल्या गावात चालवायची असेल तर दांडीब्रेक ठेवा. चढउतार असतील तर निदान पुढचा ब्रेक बदला.

ठेवायचे असतील तर नवी रबरं बसवा, दांड्यांचे सांधे रॉकेलने धुऊन थेंबभर तेल द्या आणि चाकाचा आऊट काढून घ्या. चाक लटपटत असेल तर रबर कितीही नवं असलं तरी एका जागी घासणार आणि दुसऱ्या जागी पोचणारच नाही.

बदलायचे असतील तर दोन वाटा आहेत. पहिली ॲल्युमिनियमच्या ७००-सी रिमची आणि लांब हातांच्या कॅलिपरची. ॲल्युमिनियमची रिम पावसातही स्टीलपेक्षा खूप बरी धरते. पण आधी पुढच्या चिमट्याच्या माथ्यावर बोल्टचं भोक आहे का ते पाहा, आणि भोकापासून रिमच्या बगलेपर्यंतचं अंतर मोजा. लांब हाताचे नेहमीचे कॅलिपर साधारण ७३ मिलिमीटरपर्यंत पोचतात, त्याहून जास्त अंतर असेल तर ही वाट बंद. दुसरी वाट ड्रम ब्रेकच्या हबची. त्यात ब्रेक हबच्या पोटात असतो, त्यामुळे रिम भिजो की चिखलाने भरो, फरक पडत नाही. हब जुन्याच मापाच्या रिमवर तारांनी बांधता येतो, फक्त भोकं जुळायला हवीत, आणि ड्रमचा हात चिमट्याला पट्टीने घट्ट बांधावा लागतो. ती पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच हबचा आस फिरेल. खर्च जास्त आहे, पण आमच्या पावसाला हेच उत्तर आहे असं माझं मत.

हँडल काढताना वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवा आणि हातोडीचा एक नेमका घाव घाला. आतली पाचर सुटते आणि हँडल वर येतं. बोल्ट पूर्ण काढून मग ओढत बसू नका, पाचर आतच राहते. नवं हँडल बसवताना दांड्याला ग्रीस लावा आणि किमान अडीच इंच दांडा आत राहील असं पाहा.

गिअर: सगळ्यात स्वस्त सुधारणा फ्रीव्हीलची

पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. रायबंदरच्या पाटोवर, म्हणजे पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेल्या त्या सरळसोट बांधावर, हे ठीक आहे. पर्वरीच्या चढाला हेच पाय तोडतं. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, २२ दात्यांचं केलं की तोच फेरा साडेचार मीटरचा होतो. वेग थोडा जातो, पण चढावर उतरून ढकलावं लागत नाही.

काम असं करा. मागचं चाक काढा. आसाचा नट काढून फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा काढणीचा पाना लावा आणि तोच नट वरून हलका आवळा, म्हणजे पाना निसटणार नाही. आता पाना व्हाइसमध्ये पकडा, चाक आडवं धरा आणि गाडीचं स्टिअरिंग डावीकडे फिरवावं तसं अख्खं चाक फिरवा. वर्षानुवर्षं पायडल मारून फ्रीव्हील आवळलं गेलेलं असतं, त्यामुळे पहिला झटका जोराचा लागतो. सुटलं की नट लगेच सैल करा आणि हाताने फिरवून काढा. आट्यांना ग्रीस लावून नवं फ्रीव्हील हाताने चढवा. तिरकं बसल्यासारखं वाटलं तर थांबून परत काढा, कारण हबचे आटे गेले की हब गेला.

हबच बदलायचा असेल तर फ्रीव्हील तारा कापण्याआधी काढून घ्या. नुसत्या हबला धरून ते निघत नाही, चाकच इथे तरफेचं काम करतं.

चार दाते वाढले की चेन साधारण एक इंचाने, म्हणजे कड्यांच्या एका पूर्ण जोडीने वाढवावी लागते. मग चाक जवळपास जुन्याच जागी राहतं. जोडी वाढवायची नसेल तर चाक अर्धा इंच पुढे घ्यावं लागेल, तेवढी खाच आहे का ते पाहा. चेन मधोमध दाबली तर अर्धा इंच वरखाली झाली पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) खाते, ढिली असेल तर उतरते. जुनी चेन वापरायची असेल तर मोजपट्टी लावा. बारा जोड्या बारा इंचांऐवजी बारा आणि एक-अष्टमांश भरत असतील तर ती भंगारात द्या, नाहीतर नवे दाते ती महिन्याभरात झिजवील.

तीन गिअरचा हब हवाच असेल तर स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू नमुना माहीत असू द्या. १९३६ साली निघालेल्या या हबमध्ये मधला गिअर थेट, वरचा एक-तृतीयांशाने जास्त आणि खालचा पाव भागाने कमी असतो. बरेच जण मागे १८ दात्यांचं चक्र तसंच ठेवतात. मग वरचा गिअर आमच्या रस्त्यांवर शोभेला उरतो. २२ चं लावा, म्हणजे तिन्ही कामाला येतात. केबल नीट ताणलेली नसेल तर जुन्या एडब्ल्यूमध्ये मधल्या आणि वरच्या गिअरच्या दरम्यान पायडल एकदम रिकामं फिरतं. उभं राहून पायडल मारणाऱ्याला हे फार वाईट दिवस दाखवतं.

कॉटर: हातोडीचा एकच घाव

पायडलची दांडी, म्हणजे क्रँक, आसावर एका तिरप्या खिळीने धरलेली असते. ती कॉटर. इंग्लिश घडणीच्या सायकलींना ती साडेनऊ मिलिमीटरची लागते. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० किंवा तसलंच गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. सकाळी नट टोकाशी सपाट होईपर्यंतच सैल करा, पूर्ण काढू नका, नाहीतर घावाने आटे चेपतील. क्रँकच्या खाली, कॉटरच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी आधार मिळेल असा जाड पाइपचा तुकडा उभा करा. त्याचं दुसरं टोक जमिनीवर टेकलेलं हवं. आधार नसेल तर घाव छर्र्यांवर जातो. मग नटावर एकच घाव, मनापासून. टुकूटुकू ठोकत बसलात तर कॉटर वाकते आणि मग ड्रिलने काढावी लागते. आमच्या गावचा मेस्त्री मला म्हणाला होता, "भाई, धीर धरून मार, नाहीतर मारूच नको." त्याने ती एका घावात काढली. मी तोवर अकरा मारले होते.

नवी कॉटर बसवताना तिचा सपाट काप कानशीने घासून दोन्ही बाजूंच्या कॉटर सारख्याच खोलवर बसतील असं करा. एका कॉटरचा नट पुढे तोंड करून असेल तर दुसरीचा मागे हवा. उलट बसवल्यास दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि प्रत्येक फेऱ्यात सायकल लंगडते. कॉटर हातोडीने आत बसवायची आणि मग नट आवळायचा. नटाने ती ओढून घ्यायची नाही.

आता आस उघडलाच आहे तर छर्रे बदला. तिथे दोन्ही बाजूंना अकरा-अकरा, पाव इंची. मागच्या हबला बहुधा नऊ-नऊ, तेही पाव इंची, आणि पुढच्याला दहा-दहा, पण तीन-सोळांश इंचाचे. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. तो शक्यतो काढूच नका, तिथल्या तिथे पुसून ग्रीस भरा. डावं पायडलही उलट्या आट्यांचंच.

खारा वारा

मांडवीच्या काठावर स्टीलला स्वस्थता नसते. फेरीबोटीवर सायकल लोखंडी कठड्याला टेकवून ठेवली तरी खारा तुषार बसतोच. तारा बदलताना स्टेनलेसच्या घ्या आणि त्यांच्या मुंड्या पितळेच्या. ॲल्युमिनियमचा सीटपाइप लोखंडी फ्रेममध्ये कोरडा घालू नका. खारी ओल आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की पाइप फ्रेमला चिकटून बसतो, मग त्याला ना हातोडी हलवते ना देव. वर्षातून एकदा तो काढून परत ग्रीस लावा. फ्रेमच्या आत जवसाचं तेल फिरवून सायकल दोन दिवस उलटी ठेवली तर आतला गंजही बराच आटोक्यात राहतो.

सीटचं म्हणाल तर चामड्याची ब्रूक्स सुंदरच दिसते, कंपनीही १८६६ पासूनची. पण आषाढात चामड्यावर बुरशी येते, आणि ओल्या चामड्यावर बसलं की ते खोलगट होतं ते कायमचं. मी जून ते सप्टेंबर रेक्झिनची स्प्रिंगवाली सीट लावतो आणि चामड्याची घरात टांगून ठेवतो.

मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर यांना हात लावू नका. चिखलात नवं प्लास्टिकचं मडगार्ड त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. मापही शक्य असेल तर २८ चंच ठेवा. कोपऱ्यावरच्या साध्या दुकानात या मापाची ट्यूब आणि वॉलट्यूब (व्हॉल्व्हवरची रबरी नळी) पटकन मिळते. ७००-सीच्या ट्यूबसाठी मला एकदा डिचोलीहून पणजी गाठावी लागली, तीही बसने.

सगळं जोडून झालं की पाटोवरून एक फेरी मारा, पण खिशात पाना ठेवा. पहिल्या दहा किलोमीटरनंतर कॉटरचे नट हमखास पाव फेरा सैल झालेले असतात. आवळा, आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.