गोठ्याभोवती खरं हिरवं शेत कसं उगवावं

नाताळच्या तयारीचे सल्ले बहुधा खरेदीची यादी हातात देऊन मोकळे होतात. त्यानं शेवटच्या चार दिवसांची दमछाक तेवढी वाढते. नाताळाआधीचा तयारीचा काळ, म्हणजे आगमनकाळ, चांगला चार रविवारांचा असतो. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमधल्या रविवारी तो सुरू होतो. या काळातलं एक काम मात्र घाईनं उरकताच येत नाही, ते म्हणजे येशूजन्माचा देखावा म्हणून घरात मांडतात त्या गोठ्याभोवती खऱ्या गव्हाचं शेत उगवणं. ते हाताशी घेतलं की बाकीची कामं त्याच्या मागोमाग लागत जातात.

पहिल्या रविवारी हिरव्या फांद्यांचं कडं आणि त्यात चार मेणबत्त्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये धर्मशास्त्रज्ञ योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये, आश्रमातल्या मुलांना नाताळ किती दिवसांवर आलाय हे कळावं म्हणून लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ही पद्धत पसरली. त्यामुळे मेणबत्ती पेटवण्याचा मान घरातल्या मुलांचा. फांद्या वाळल्या की बदला, आणि पेटती मेणबत्ती सोडून खोलीबाहेर जाऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात गोठा. पुठ्ठा, लाकडाच्या पट्ट्या, वर वाळकं गवत. एका दुपारचं काम. थर्माकोल आणि प्लास्टिकची हिरवळ मला चालत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो इथे गव्हाण मांडली, तेव्हा तिथे खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव होतं. आपण निदान गवत तरी खरं लावू शकतो.

आता शेत. याच पायरीनं मला बराच काळ छळलं आहे, आणि याच पायरीबद्दल सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं.

आधी तारीख. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये संत बार्बराच्या सणाला, ४ डिसेंबरला, बशीत गहू घालतात. क्रोएशिया आणि हंगेरीत संत लुसीच्या दिवशी, १३ डिसेंबरला. दोन्ही तारखा सर्रास सांगितल्या जातात, पण तुमची खोली किती उबदार आहे हे कुणी विचारत नाही. उबदार खोलीत ४ तारखेला पेरलेला गहू नाताळपर्यंत इतका उंच होतो की आडवा पडतो आणि गोठ्यातल्या मेंढपाळांच्या मूर्ती त्यात बुडून जातात. माझं ठाम मत: खोली उबदार असेल तर १२ तारखेच्या रात्री गहू भिजत घाला, हवा बोचरी असेल तर ८ किंवा ९ तारखेला.

गहू अख्खा आणि ताजा हवा. बियाण्याच्या दुकानातला रंग लावलेला गहू अजिबात घेऊ नका. त्यावर औषध चोळलेलं असतं, आणि मुलं त्यात हात घालणारच. भिजवण्यापूर्वी ताटात पसरून तुटके दाणे वेचून काढा. हे कंटाळवाणं काम टाळलं तर पुढचं सगळं वाया जातं, कारण बुरशी बहुतेकदा तुटक्या दाण्यापासूनच सुरू होते. दहा-बारा तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, ओल्या फडक्यात बांधून ठेवा. पांढरं टोक दिसलं की लगेच पसरा. मोड लांबू दिले तर ते एकमेकांत गुंततात आणि पसरताना तुटतात.

उथळ ताटलीत बोटभर माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. त्यावर दाण्याला दाणा टेकेल असा एकच थर द्या. ‘दाट येण्यासाठी दोन थर घाला’ हा सल्ला ऐकू नका. खालचा थर कुजतो. दाणे हातानं हलकेच दाबा, वर ओलं फडकं टाका आणि दोन दिवस झाकून ठेवा. कोंब फडकं उचलायला लागले की ते काढायचं.

इथेच माणसं घाबरून ताटली फेकून देतात. तिसऱ्या दिवशी मुळांभोवती पांढरी, कापसासारखी लव दिसते. जवळून पाहा: ती प्रत्येक मुळाभोवती सारखी असेल आणि पाण्याचा फवारा मारताच दिसेनाशी झाली, तर ते मुळांचे केस आहेत, निरोगी रोपाची खूण. बुरशी ठिगळासारखी एका जागी असते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यावरून दाण्यावर जाते, फवाऱ्यानं विरत नाही आणि तिला कुबट वास येतो. तेवढा भाग चमच्यानं उचलून टाका आणि हवा खेळती ठेवा.

कोंब आधी पिवळट असतात. खिडकीशी उजेडात ठेवले की एक-दोन दिवसांत हिरवे होतात. ते उजेडाकडे झुकतात, म्हणून ताटली रोज फिरवा. पाणी कडेनं आणि थोडंच द्या. तळाशी साचलेलं पाणी मूळ मारतं. फार उंच वाढलं तर कात्रीनं कापा, पुन्हा फुटतं. मूर्ती अगदी लहान असतील तर पुढच्या भागात न भिजवता मोहरी पसरा; तिची गोल पानं झुडपांसारखी बुटकी राहतात.

मांडणी सोपी. ताटल्यांच्या कडा मातीनं झाका. दिव्यांच्या माळेची वायर आणि जोड ओल्या मातीपासून दूर, गोठ्याच्या मागून न्या. गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा, येशूबाळ तेव्हाच ठेवायचा. येशूबाळाच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवा.

फिरण्याचं म्हणाल तर आठवड्याला एकच बेत ठरवा: एकदा नाताळगीतं ऐकायला, एकदा रोषणाई बघायला, एकदा इतरांचे गोठे पाहायला. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी, अंधार पडताच निघा. मुलं पेंगायच्या आत परत येता येतं. गोठे बघायला मात्र शेवटच्या आठवड्यातच जा, त्याआधी बरेचसे अर्धवट असतात.

६ जानेवारीला तीन राजे गोठ्याशी पोचले की मांडणी उचला. गव्हाची मुळं तोवर चटईसारखी विणली जातात; ती तशीच उचलून कुंडीत उलटी घाला, वरून माती टाका.