फेब्रुवारीचा दिनविशेष फलक कसा तयार करावा

परिपाठात दिनविशेष वाचला जातो तो बहुतेक वेळा मोबाइलवर आलेल्या यादीतून. दहा-बारा नावं, जन्म, मृत्यू, की लगेच पुढची सूचना. मुलांच्या लक्षात त्यातलं काहीच राहत नाही. त्यापेक्षा दिवसाला एकच नोंद घ्या, पण ती तपासलेली हवी आणि कारणासकट हवी. फेब्रुवारीसाठी हे कसं करायचं ते पाहू.

आधी तक्ता आखा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या कागदावर महिन्याच्या चौकटी पाडा आणि ठळक दिवस भरून टाका: ४ ला सिंहगडाची लढाई (१६७०), १९ ला शिवजयंती, २१ ला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन, २३ ला गाडगेबाबांचा जन्म (१८७६), २७ ला मराठी भाषा गौरव दिन, २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन. उरलेल्या चौकटींची घाई नको. एखाद्या दिवशी काही सापडलं नाही, तर आपल्या शाळेची स्थापना, गावातलं जुनं वाचनालय, धरण, जत्रा यांची माहिती गोळा करा.

मग प्रत्येक तारीख तपासा. खरं काम इथेच आहे. मराठी विश्वकोश उघडा, शिवाय त्या व्यक्तीचं एखादं चांगलं चरित्र पाहा. एकमेकांवरून उतरवलेली दोन संकेतस्थळं म्हणजे दोन पुरावे नव्हेत. बाळशास्त्री जांभेकरांच्या जन्माच्या ६ जानेवारी आणि २० फेब्रुवारी अशा दोन तारखा छापलेल्या आढळतात. अशा वेळी जन्मतारीख सोडून द्या. त्यांनी काढलेल्या ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, यावर मात्र वाद नाही. बाळशास्त्रींची आठवण त्या दिवशी करावी.

सतराव्या शतकातल्या तारखा जास्त जपून हाताळा. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या घटनांच्या जुन्या तारीखवार नोंदींत, शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा आहे. शकात साधारण ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवावे लागतात, कारण शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी वर्ष त्याआधीच, जानेवारीत. म्हणून १६३०. त्या तिथीला तारीख होती १९ फेब्रुवारी, वार शुक्रवार. ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची. इंग्रजांनी आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर १७५२ साली स्वीकारलं, आणि मराठ्यांच्या इतिहासातल्या त्याआधीच्या तारखा सहसा जुन्याच पद्धतीने दिल्या जातात. आजच्या पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी स्वीकारली आहे, तेव्हा फलकावर तीच लिहा आणि खाली तिथी द्या. मग तिथीची शिवजयंती वेगळ्या दिवशी का येते, हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

दिवस कशाचा, हे नीट लिहा. २८ फेब्रुवारी हा सी. व्ही. रामन यांचा वाढदिवस नव्हे. तो ७ नोव्हेंबरला असतो. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात त्यांनी ‘रामन परिणाम’ शोधला आणि १९३० साली त्यासाठी नोबेल मिळालं. २७ फेब्रुवारी मात्र खरोखर जन्मदिवस आहे, कुसुमाग्रजांचा (१९१२). त्याला ‘राजभाषा दिन’ म्हणू नका, तो १ मे रोजी असतो.

नोंद चार-पाच ओळींत बसवा. नुसतं ‘आनंदीबाई जोशी पुण्यतिथी’ लिहिलं तर कुणी थांबून वाचत नाही. असं लिहा:

‘२६ फेब्रुवारी १८८७. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पुण्यात निधन. आदल्याच वर्षी अमेरिकेत एम.डी. होऊन त्या परतल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही ठरली होती, पण क्षयाने गाठले. वय अवघे २१.’

त्या वयाने मुली हमखास थबकतात. अक्षर मोठं काढा, वर्ष रंगीत खडूने लिहा आणि वाचायला रोज वेगळं मूल उभं करा. विशेषणांचा भार नको. ‘थोर’, ‘महान’ काढून टाकलं की माणसाचं काम दिसायला जागा होते.

फळा पुसण्याआधी नोंद वहीत उतरवा, ती कुठून घेतली हेही शेजारी लिहा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला दुसरा विषय घेता येतो.

तक्त्यात २९ ची चौकट कायम ठेवा. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, कारण शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग जावा लागतो. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातली पुढची २९ फेब्रुवारी थेट १९०४ साली आली. आता ही चौकट २०२८ मध्ये लागेल. त्या दिवशी हे गणित मुलांकडूनच फळ्यावर करून घ्या.