बारा इंचांचा हिशोब: छपराचा मोठा गुण्या वाचायला शिकताना

सुतारकामात नव्याने आलेल्या मुलाला पोलादी मोठा गुण्या, म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्यांचं माप, दिला, की तो त्याचा एकच उपयोग करतो. फळीच्या कडेला लावतो, आडवी रेघ मारतो, कापतो. हे काम लाकडी मुठीच्या लहान गुण्याने जास्त नेमकं होतं. मोठ्या गुण्याच्या दोन्ही अंगांवर बारीक आकडे कोरलेले असतात ते छपरासाठी, आणि कोकणात सुताराची परीक्षा छपरावरच होते. वासे एका ओळीत आले नाहीत तर मंगलोरी कौलं एकमेकांत बसत नाहीत आणि जुलैच्या झडीत पाणी थेट माजघरात येतं.

कुडाळ-मालवण पट्ट्यात मी जुन्या घरांची छपरं उतरवून नवी चढवण्याची कामं करतो. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आठवी पास मुलालाही त्याला प्रवेश मिळतो. तो मी केला, पुढे एका वयस्क मिस्त्रींच्या हाताखाली राहिलो. गुण्या वाचायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांचं पहिलं वाक्य असं होतं: "झिला, तोंड खयचा ता आदी बघ, मगे आकडे वाच."

तर आधी तोंड. गुण्याला दोन हात असतात. लांब हात २४ इंचांचा आणि २ इंच रुंद, आखूड हात १६ इंचांचा आणि दीड इंच रुंद. लांब हात डाव्या हातात आणि आखूड हात उजव्या हातात धरून कोपरा वर केला, की जी बाजू तुमच्याकडे येते ते तोंड. बनवणाऱ्याचं नाव बहुधा तिथेच ठोकलेलं असतं. मागची बाजू ती पाठ. दोन्हींवरचे हिशोब वेगळे आहेत, त्यामुळे ही ओळख पक्की होईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग कडा. चार कडा तोंडाला, चार पाठीला, आणि प्रत्येकीवर इंचाचे भाग सारखे नसतात. तोंडावर सहसा आठ आणि सोळा भाग असतात. आपल्या भाषेत इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत, आणि सोळावा भाग म्हणजे अर्धा सूत, इतकं सरळ आहे. पाठीवर मात्र बाहेरच्या कडांना इंचाचे बारा भाग केलेले असतात. घाईत ते सूत समजून मोजलं तर माप बिघडतं. आणखी एक गोष्ट: बाहेरच्या कडेचं माप बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरू होतं, आतल्या कडेचं आतल्या कोपऱ्यापासून. दोन्ही हातांवर माप घेताना एकच कडा धरायची, एका हातावर बाहेरची आणि दुसऱ्यावर आतली असं कधीच नाही.

आता मुद्द्याचं. गुण्यावरच्या छपराच्या सगळ्या आकड्यांमागे एकच काटकोन त्रिकोण आहे आणि त्याचा पाया १२ इंच आहे. छपराचा उतार आपण बोलतो तोही असाच, 'फुटाला सहा', 'फुटाला आठ'. आडवं एक फूट गेलं की छप्पर किती इंच चढतं, एवढाच त्याचा अर्थ. लांब हातावर १२ आणि आखूड हातावर ६ घेऊन हे दोन्ही आकडे वाशाच्या एकाच कडेवर टेकवा. आखूड हाताच्या बाजूने मारलेली रेघ घरावर चढल्यावर ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, येते, लांब हाताच्या बाजूने मारलेली पाणसळीत, म्हणजे सपाट आडवी. आढ्याला, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला, टेकणारा काप पहिल्या रेघेचा, भिंतीवर बसणाऱ्या खाचेचा बूड दुसऱ्या रेघेचा. कोणताही कोन अंशांत मोजावा लागत नाही.

तोंडाच्या लांब हातावर सहा ओळींचं कोष्टक असतं. वर कडेला जे इंचाचे आकडे आहेत तेच इथे उतार म्हणून वाचायचे. ६ च्या खाली पहिल्या ओळीत १३.४२ दिसतं, ८ च्या खाली १४.४२, १२ च्या खाली १६.९७. ही झाली सरळ वाशाची लांबी, आडव्या दर फुटाला, इंचांत. ५ च्या खाली बरोबर १३ आणि ९ च्या खाली बरोबर १५ येतं. शाळेत शिकलेलं पायथागोरसचं प्रमेयच आहे हे. ५ आणि १२ चे वर्ग करून बेरीज घ्या, १६९ येतात.

उदाहरण घेऊ. घर बाहेरून बाहेर २० फूट रुंद, चिऱ्याच्या भिंती, आढं मधोमध. म्हणजे वासा आडवा १० फूट जातो. उतार फुटाला सहा. १३.४२ गुणिले १० म्हणजे १३४.२ इंच, म्हणजे ११ फूट २ इंच आणि उरलेला .२. दशांश सुतात आणायला आठाने गुणायचं, १.६ सूत येतं. ही लांबी आढ्याच्या मध्यापासून भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंतची, वाशाच्या वरच्या कडेवर मोजलेली. आढं २ इंच जाड असेल तर त्यातला अर्धा, म्हणजे १ इंच, कमी करायचा. तो वाशाच्या लांबीवर मोजू नका, ओळंब्याच्या रेघेला काटकोनात मोजा. आणि वळचण, म्हणजे भिंतीबाहेर येणारा छपराचा भाग, वेगळी जोडायची. आपल्याकडे भिंत भिजू नये म्हणून ती मोठी ठेवतात. दोन फूट बाहेर काढायची असेल तर १३.४२ ची दुप्पट, २६.८४ इंच आणखी.

दुपाखी, म्हणजे दोन उतारांच्या, घराचं काम इथेच संपतं. चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतार असलेलं, घर असेल तर कोनवासे येतात, आणि नवीन मुलं तिथेच अडतात. कोनवासा कोपऱ्यातून आढ्याकडे तिरका जातो, त्यामुळे सरळ वासा आडवा १२ इंच जातो तेव्हा तो चौकोनाच्या कर्णावर १६.९७ इंच गेलेला असतो. कामात तो १७ धरतात. म्हणून कोनवाशाचे काप आखताना लांब हातावर १२ च्या जागी १७ घ्यायचे, आखूड हातावर उतार तोच. एवढं एक वाक्य समजलं की अर्धं चौपाखी छप्पर समजलं असं माझं ठाम मत आहे. लांबी दुसऱ्या ओळीत आहे: उतार ६ ला १८.००. आपल्या घराला १० फुटांचे १८० इंच, नेमके १५ फूट. गुणायचं १० नेच, कोनवाशाच्या स्वतःच्या आडव्या अंतराने नाही. कोष्टकाने तो तिरकेपणा आधीच धरलेला आहे. आढ्याच्या जाडीसाठी इथे १ इंच नाही तर १.४१ इंच कमी होतात, सुमारे ११ सूत.

तिसरी आणि चौथी ओळ कोनवाशाला येऊन मिळणाऱ्या आखूड वाशांची. प्रत्येक पुढचा वासा आधीच्यापेक्षा किती आखूड, ते तिथे दिलेलं असतं, पण फक्त १६ आणि २४ इंचांच्या अंतराला. हा गुण्या अमेरिकेतला आहे. व्हरमाँट राज्यातल्या सायलस हॉज नावाच्या लोहाराने करवतीच्या पात्यांपासून असे पोलादी गुण्ये बनवले आणि १८१९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंतरं तिकडच्या घरबांधणीची आहेत. आपण वासे १८ इंचांवर ठेवत असू तर कोष्टकात शोधत बसायचं नाही. १८ इंच म्हणजे दीड फूट, दीड गुणिले १३.४२ बरोबर २०.१३. प्रत्येक वासा मागच्यापेक्षा २० इंच १ सूत आखूड.

शेवटच्या दोन ओळी कोनवाशाला चिकटणाऱ्या बगलेच्या कापाच्या. उतार ६ ला आखूड वाशांसाठी पावणेअकरा दिलेलं असतं. ते आखूड हातावर घ्यायचं, लांब हातावर १२, दोन्ही वाशाच्या वरच्या पाठीवर टेकवायचे आणि रेघ १२ च्या बाजूने मारायची.

या सगळ्याला एक अट आहे आणि जुन्या घरात ती पुन्हा पुन्हा मोडते. कोष्टक धरून चालतं की घराचा कोपरा काटकोनात आहे आणि चारही पाखांचा उतार एक आहे. चिऱ्याच्या जुन्या भिंती सहसा तशा नसतात. कोनवाशाचं लाकूड कापण्याआधी घराचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक निघाला तर ते कोनवासे जागेवर दोरी ताणूनच मापायचे. यजमान घाई करतील, तरी मोजा.

पाठीकडे वळू. मघाशी सांगितलेले इंचाचे बारा भाग मला सगळ्यात आवडतात. एक इंच म्हणजे एक फूट धरलं की प्रत्येक बारावा भाग एक इंच होतो. आपल्याच घराचं बघा. आडवं १० फूट, चढ ५ फूट. लांब हातावर १०, आखूड हातावर ५ घ्या आणि त्या दोन बिंदूंमधलं अंतर दुसऱ्या गुण्याच्या बाराच्या कडेने मोजा. ११ आणि वर दोन भाग, थोडं जास्त. म्हणजे ११ फूट २ इंच. कोष्टकाने जे दिलं तेच, एकही गुणाकार न करता. मी लाकूड विकत घ्यायला जाण्याआधी प्रत्येक माप असं एकदा पडताळतो.

पाठीच्या लांब हातावर फळ्यांचं कोष्टक असतं. वरच्या १२ च्या खाली फळीची लांबी फुटांत शोधायची, त्या ओळीने रुंदीच्या इंचाखाली जायचं. ८ फूट लांब, ९ इंच रुंद फळीला तिथे ६, म्हणजे सहा चौरस फूट, मिळतो. हा हिशोब एक इंच जाडीचा आहे, आणि असे बारा झाले की आपला एक घनफूट. तीच फळी दोन इंच जाड असेल तर ६ चे १२ होतात, बरोबर एक घनफूट. वखारीत सागाचा किंवा फणसाचा भाव घनफुटावर लागतो, तेव्हा लांबी फुटांत, रुंदी-जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४ हे पाठ हवंच.

आखूड हाताच्या पाठीवर तिरक्या टेकूंची मापं आहेत. १८ आणि २४ ला ३०, २४ आणि २४ ला ३३.९४. पडवीच्या खांबाला टेकू देताना ती लागतात.

आखूड हाताच्या तोंडावर मधोमध टिंबांची ओळ असेल तर ती अष्टकोनाची. चौकोनी लाकडाचा गोल खांब किंवा होडीची डोलकाठी काढताना आधी आठ कोन करतात, मग सोळा, मग रंधा. लाकूड जितके इंच रुंद तितकी टिंबं कंपासात घ्यायची आणि प्रत्येक बाजूच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे खूण करायची. ८ इंचांच्या लाकडाला ते अंतर १.६६ इंच, १३ सुतांहून जरा जास्त. टिंबं नसतील तर लांब हात लाकडावर असा तिरका ठेवा की ० आणि २४ दोन्ही कडांवर येतील. ७ आणि १७ वर खुणा करा. काम तेवढंच चांगलं होतं.

विकत घेताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडच्या हार्डवेअर दुकानांत मोठा गुण्या मिळतो, पण त्यावर बहुतेक वेळा फक्त इंच आणि मिलिमीटर असतात, कोष्टक नसतं. कोष्टकाचा हवा असेल तर मागवावा लागतो. मिळाला नाही तर अडत नाही, १२ चा हिशोब समजलेल्या माणसाला साधा गुण्याही पुरतो. दुकानात असतानाच तपासा: सरळ कडेच्या प्लायवर टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी पुन्हा मारा. दोन रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. पडल्यामुळे बिघडलेला कोन आतल्या कोपऱ्याजवळ पंचाने ठोकला तर उघडतो, बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठोकला तर मिटतो, पण हे जाणत्याकडून करून घ्या. खाऱ्या हवेत पोलादाला गंज फार लवकर धरतो आणि बारीक आकडे आधी जातात, म्हणून रोज काम संपल्यावर मशीनच्या तेलाचा हात फिरवा. आकडे दिसेनासे झाले तर पांढरा ऑइलपेंट खोबणीत चोळून वरचा पुसून टाका.

शिकायला सुरुवात करायची तर पावसाळ्यात, कामं थंड असतात तेव्हा, रिपांच्या तुकड्यांचं चौपाखी छप्पर बनवा. एक इंचाला एक फूट धरून २० इंच रुंद, ३० इंच लांब, उतार फुटाला सहा. आढं १० इंच येईल, सरळ वासा ११ इंच दीड सूत, कोनवासा बरोबर १५ इंच, जाडीची वजावट करण्याआधी. आधी सगळे तुकडे आकड्यांवरून कापा आणि मगच जोडायला घ्या.