गिटार अँपच्या फूटस्विचसाठी टिकाऊ पिन आणि सॉकेट कसे निवडावे

गणेशोत्सवाच्या किंवा शिवजयंतीच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात चॅनल बदलेनासा झाला, तर आधी फूटस्विचची, म्हणजे पायाने चॅनल बदलायच्या स्विचची वायर तपासा, अँप नंतर. वायर पायाखाली येते, कुणीतरी अडखळतं आणि सगळा हिसका पिनेच्या मुळाशी बसतो. म्हणून पिनेवरच्या सोन्याच्या मुलाम्यापेक्षा हा हिसका कोण सोसणार, ते आधी बघायचं.

पहिलं काम म्हणजे अँपचं सॉकेट ओळखणं. बहुतेकांना पी-३८, म्हणजे ६.३५ मिमीची पिन लागते. तिच्यावर एक काळी रेघ असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. ट्विन रिव्हर्बच्या धाटणीच्या फेंडर कंपनीच्या अँपना आरसीए (टीव्ही-डीव्हीडीच्या ऑडिओ वायरीला असतं ते) सॉकेट असतं, काही अँपना पाच किंवा सात पिनांचं गोल डिन सॉकेट. दोन बटणं दिसली म्हणून स्टिरिओच असेल असं धरू नका. फेंडर हॉट रॉड डिलक्सची दोन्ही बटणं आतल्या डायोडमुळे एकाच मोनो वायरीवर चालतात. याउलट स्टिरिओ सॉकेटमध्ये मोनो पिन घातली, तर रिंग, म्हणजे दोन रेघांमधल्या पट्ट्याची जोडणी, थेट ग्राउंडला टेकते आणि एक बटण कितीही दाबलं तरी काही बदलत नाही. असे कितीतरी चांगले स्विच उगाच बदलले जातात.

बदल फूटस्विचच्या डबीत करा, अँप उघडू नका. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट राहू शकतात. डबीतून कायमची बाहेर आलेली वायर काढून तिथे सॉकेट बसवलं, की तुटलेली वायर मिनिटभरात बदलता येते.

सॉकेट धातूचं, पत्र्याला नटाने आवळता येणारं घ्या. थेट सर्किट बोर्डावर डाख दिलेलं प्लास्टिकचं सॉकेट टाळा, कारण पिनेला बसलेला आडवा धक्का डाखावर जातो आणि तिथे केसाएवढी चीर पडते. धातूच्या सॉकेटला साधारण ९.५ मिमीचं भोक लागतं, तरी सॉकेट हातात आल्यावर मोजूनच पाडा. आत दातेरी वॉशर घालायला विसरू नका. तो नसला तर नट सैल होतो, सॉकेट गोल फिरतं आणि आतल्या वायरीला पीळ पडून ती तुटते.

रोज स्टेज करणाऱ्यांनी डबीला कॅनन (एक्सएलआर, माइकच्या वायरीला असतं ते) सॉकेट बसवावं, असं आमचं ठाम मत आहे. ते लॉक होतं, आणि तीन पिनांत टिप (पिनेचं टोक), रिंग, ग्राउंड सगळं मावतं. त्यासाठी २४ मिमीचं भोक लागतं. घरच्या ड्रिलने ते वेडंवाकडं होतं, तेव्हा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमधून पाडून आणा. मात्र डबीवर ठळक अक्षरांत ‘फूटस्विच’ लिहा. माइकचं समजून कुणी मिक्सरची वायर लावली आणि फँटम (मिक्सरमधून माइकला जाणारा वीजपुरवठा) चालू असला, तर ४८ व्होल्ट आत येतात. एलईडीच्या सर्किटला ते सोसतीलच असं नाही.

डिनच्या पिना बारीक असतात आणि साध्या डिनला लॉक नसतं. पाच पिनांचं डिनही १८० आणि २४० अंश अशा दोन मांडण्यांत मिळतं, त्यामुळे जुनी पिन दुकानात सोबत न्या. वायरीचा फूटभर वेटोळा अँपच्या हँडलला बांधला, की हिसका हँडलवर जातो.

पिन धातूच्या टोपणाची आणि वायरीचं बाहेरचं आवरण पकडणारी हवी. पकड नुसती आतल्या तारांवर असेल तर ती पिन घेऊ नका. डाख देताना २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि ६०/४० (कथील-शिसं) सोल्डर पुरे. आधी पिनेचा पत्रा तापवा, मग सोल्डर लावा. डाख मळकट, दाणेदार दिसला तर तो कच्चा आहे, पुन्हा द्या. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून पिनेच्या मागची वायर हलवा. बीप तुटक आला, तर दोष तिथेच आहे.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात पिना काळवंडतात, निपाणी-चिकोडीकडे धूळ बसते. धूळ आणि मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने पुसा; काळवंडलेला थर मात्र त्याने पूर्ण निघेलच असं नाही. पॉलिश पेपर मारला तर निकेलचा थर निघतो आणि पिन आणखी लवकर खराब होते.